रेडिओसर्जरीचा सल्ला मिळाला, तर काय विचाराल?

लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत राबणाऱ्या माणसाच्या डोक्यात गाठ निघाली, की घर आधी सल्ल्यांनी भरतं. चिपळूणचे डॉक्टर एमआरआय बघून मुंबई गाठायला सांगतात. तोवर मुंबईतल्या चाकरमानी भावाने दोन रुग्णालयांत चौकशी केलेली असते, आणि कुणीतरी व्हॉट्सअॅपवर ‘टाका नाही, चिरा नाही, दुसऱ्या दिवशी घरी’ अशी जाहिरात धाडलेली असते. मग सगळी चर्चा यंत्राभोवती फिरू लागते. गॅमा नाइफ चांगलं की सायबरनाइफ? नवं मशीन कुठे आलंय? पॅकेज किती?

या गडबडीत खरा प्रश्न मागे राहतो. अशा प्रकारच्या, एवढ्या आकाराच्या, अशा जागी असलेल्या गाठीला रेडिओसर्जरी दिली तर दुसऱ्या उपचारापेक्षा रुग्णाचं भलं होतं, हे कुणी तपासून पाहिलंय का? पाहिलं असेल तर किती रुग्णांवर, आणि ‘भलं’ म्हणजे त्यांनी काय मोजलं? गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या प्रश्नांची बरीच उत्तरं हाती आली आहेत. त्यातलं एक मोलाचं उत्तर आपल्या परळमधून आलं आहे. उपचार ठरवायचा तो डॉक्टरांनीच, पण ही उत्तरं ठाऊक असलेला नातेवाईक समोर बसला की सल्लामसलत वेगळ्या पातळीवर होते. हा लेख त्या नातेवाइकासाठी आहे.

रेडिओसर्जरी म्हणजे काय

नावात सर्जरी असली तरी यात कवटी उघडत नाहीत. स्वीडनचे न्यूरोसर्जन लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्ये ही कल्पना मांडली आणि १९६०च्या दशकाच्या अखेरीस पहिलं गॅमा नाइफ उभं राहिलं. आजच्या गॅमा नाइफमध्ये कोबाल्टचे १९२ स्रोत असतात. प्रत्येकातून निघणारा किरण एकटा दुबळा असतो, पण सगळे एकाच बिंदूवर येऊन मिळतात. शिमग्यात पालखीचा भार अनेक खांद्यांवर वाटला जातो, कुणा एकाचा खांदा दबत नाही. इथेही वाटेतल्या मेंदूला थोडाथोडाच मारा बसतो आणि पूर्ण भार गाठीवर पडतो. लिनियर अॅक्सिलरेटरवर हेच काम क्ष-किरण फिरवून करतात, आणि सायबरनाइफमध्ये तो अॅक्सिलरेटर यांत्रिक हातावर बसवलेला असतो.

नेहमीचा शेक, म्हणजे किरणोपचार, रोज थोडा असा तीन ते सहा आठवडे चालतो. रेडिओसर्जरीत सगळा मारा एका बैठकीत, किंवा गाठ मोठी वा नाजूक जागी असेल तर तीन ते पाच बैठकांत देतात. डोकं हलू नये म्हणून जागा बधिर करून चार पिनांची चौकट बसवतात, किंवा चेहऱ्याच्या मापाचा जाळीदार मुखवटा वापरतात. मोठ्या माणसाला सहसा पूर्ण भूल लागत नाही.

मुंबईत माहीमच्या हिंदुजा रुग्णालयात आणि दिल्लीच्या एम्समध्ये गॅमा नाइफ १९९०च्या दशकातच आलं. त्यामुळे तंत्र नवं आहे म्हणून बिचकायचं कारण नाही, आणि नवं आहे म्हणून भाळायचंही नाही. यंत्रांच्या तुलनेबद्दल एवढंच ध्यानात ठेवा, की अमुक यंत्रावर उपचार घेतलेले रुग्ण जास्त जगतात असं सिद्ध झालेलं नाही. ते चालवणारं पथक अशा किती गाठी हाताळतं, आखणी किती काटेकोर करतं, हे जास्त महत्त्वाचं.

आधी गाठीचं नाव पक्कं करा

‘ब्रेन ट्यूमर’ हा एक आजार नाही. शरीरात दुसरीकडे झालेला कर्करोग मेंदूत पसरला तर त्या गाठी वेगळ्या. त्यांना मेटास्टेसिस म्हणतात. फुप्फुस आणि स्तन ही त्यांची नेहमीची मूळ ठिकाणं. मेंदूच्या आवरणातून उठणारा मेनिंजिओमा, कानाच्या नसेवरचा श्वानोमा आणि पिट्युटरी ग्रंथीची गाठ या बहुधा संथ, कर्करोग नसलेल्या गाठी. मेंदूच्या पेशींतूनच उठणारा ग्लायोमा पुन्हा निराळा. रेडिओसर्जरीबद्दलचा पुरावा यांतल्या प्रत्येकासाठी वेगळा आहे. शेजाऱ्याच्या मेनिंजिओमाचा अनुभव तुमच्या वडिलांच्या ग्लायोमाला लागू पडत नाही.

रिपोर्टवर छापलेलं नावही डोळे झाकून धरून चालू नये. अमेरिकेतल्या रॉय पॅचेल आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये एक गाजलेला अभ्यास छापला. कर्करोगाची मेंदूतली एकुलती गाठ समजून त्यांनी ५४ रुग्ण घेतले होते. तुकडा तपासल्यावर त्यातल्या ६ जणांची गाठ पसरलेल्या कर्करोगाची नव्हतीच. तो काळ आजच्यासारख्या स्पष्ट एमआरआयचा नव्हता हे खरं, पण धडा जुना झालेला नाही. आपल्याकडे तर क्षयाची गाठ आणि फितकृमीची गाठ एमआरआयवर ट्यूमरसारखी दिसू शकते, आणि त्यांवर औषधं आहेत. म्हणून मूळ कर्करोग कुठेच सापडलेला नसेल आणि मेंदूत एकच गाठ असेल, तर ‘हे टीबी नाही हे कशावरून ठरवलंत?’ असं जरूर विचारा. डॉक्टरांना त्याचा राग यायचं कारण नाही.

लोट्यात आणखी एक प्रश्न हमखास निघतो: कंपनीतल्या केमिकलमुळे झालं का? मेंदूच्या गाठींचं पक्कं सिद्ध झालेलं बाहेरचं कारण म्हणजे क्ष-किरणांसारखा आयनीकारक किरणोत्सर्ग. रसायनांबद्दलच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे एका माणसाच्या गाठीचं खापर एका रसायनावर फोडता येत नाही. तरी डॉक्टरांना आपलं काम काय, कोणत्या विभागात, किती वर्षं, हे सविस्तर सांगाच. मेंदूतली गाठ फुप्फुसातून आलेली असेल तर ही माहिती उपयोगी पडते.

पुरावा कसा तोलायचा

डॉक्टर ‘स्टडी आहे’ म्हणाले की तीन गोष्टी विचारा.

पहिली, तुलना कशाशी केली? सर्वांत भक्कम अभ्यासात रुग्णांचे दोन गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे, कुणाच्याही मर्जीविना पाडतात. जुन्या फायली चाळून केलेल्या अभ्यासात तसं नसतं, तिथे कुणाला कोणता उपचार द्यायचा हे आधीच डॉक्टरांनी ठरवलेलं असतं. फुप्फुसाच्या एका जातीच्या, ईजीएफआर या जनुकात बदल असलेल्या कर्करोगात २०१७ मध्ये ३५१ रुग्णांच्या फायलींचा असा अभ्यास आला. आधी रेडिओसर्जरी आणि मग त्या बदलावरची गोळी घेतलेले रुग्ण साधारण ४६ महिने जगले, आधी नुसती गोळी घेतलेले २५ महिने. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण रेडिओसर्जरीसाठी निवडले गेलेले रुग्ण मुळात ठणठणीत होते का, ही शंका अशा अभ्यासात पूर्ण फिटत नाही. शिवाय तेव्हाच्या गोळ्या आणि आज मेंदूपर्यंत चांगल्या पोहोचणाऱ्या ओसिमर्टिनिबसारख्या गोळ्या यांत फरक आहे. असा अभ्यास इशारा देतो, निकाल देत नाही.

दुसरी, मोजलं काय? ‘गाठ आटोक्यात राहिली’ आणि ‘माणूस जास्त जगला’ या वेगळ्या गोष्टी. ‘स्मृती शाबूत राहिली’ ही तिसरी. एकाच उपचारात पहिली साधते आणि दुसरी साधत नाही, असं या क्षेत्रात वारंवार घडलंय.

तिसरी, अभ्यासातले रुग्ण तुमच्या माणसासारखे होते का? बहुतेक अभ्यास चालत्याफिरत्या, स्वतःचं स्वतः करणाऱ्या रुग्णांवर झालेत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला त्यांचे आकडे लावणं चूक ठरतं.

पसरलेल्या गाठी: मेंदू कमी भाजण्याकडचा प्रवास

मेटास्टेसिसच्या बाबतीत संशोधनाची वाट फार बोलकी आहे. पॅचेल यांच्या त्याच अभ्यासात उरलेल्या ४८ रुग्णांपैकी निम्म्यांची गाठ काढून मग पूर्ण डोक्याला शेक दिला, निम्म्यांना नुसता शेक. शस्त्रक्रिया झालेले साधारण ४० आठवडे जगले, दुसरे १५ आठवडे. एकुलत्या गाठीकडे स्वतंत्र लक्ष दिलं तर फायदा होतो, हे तिथे ठरलं. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ३३३ रुग्णांचा अभ्यास आला. पूर्ण डोक्याच्या शेकाला रेडिओसर्जरीची जोड दिल्यावर एकच गाठ असलेल्यांचं आयुष्य सरासरी ४.९ वरून ६.५ महिन्यांवर गेलं. दोन-तीन गाठी असलेल्यांत आयुष्य लांबलं नाही.

मग उलटा प्रश्न पुढे आला: रेडिओसर्जरी दिलीच आहे, तर पूर्ण डोक्याला शेक हवाच कशाला? जपानच्या आओयामा यांच्या २००६च्या अभ्यासात १३२ रुग्ण होते. शेक न दिलेल्यांत मेंदूत कुठे ना कुठे गाठी जास्त उठल्या, वर्षभरात सुमारे ७६ टक्के विरुद्ध ४७ टक्के. पण जगण्याचा काळ दोन्हीकडे सारखाच निघाला. २००९ मध्ये छापलेला, ५८ रुग्णांवरचा अभ्यास ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्राने मध्येच थांबवला होता, कारण चार महिन्यांनी स्मरणाच्या चाचणीत शेक घेतलेल्यांपैकी ५२ टक्के घसरले होते, नुसती रेडिओसर्जरी घेतलेल्यांपैकी २४ टक्के. २०१६ मध्ये २१३ रुग्णांच्या अभ्यासाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. तीन महिन्यांनी आकलनशक्तीची घसरण शेकासह ९१.७ टक्के, शेकाविना ६३.५ टक्के.

याचा घरगुती अर्थ असा: एक ते चार लहान गाठी असतील, रुग्ण चालताफिरता असेल, तर नुसती रेडिओसर्जरी आणि नंतर नियमित एमआरआय हा आज मान्य असलेला मार्ग आहे. अमेरिकेतल्या किरणोपचार तज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत त्याची ठाम शिफारस केली आहे. पाच ते दहा गाठींसाठीही शिफारस आहे, पण अटींसह. तिच्यामागे २०१४ चा जपानी अभ्यास आहे: ११९४ रुग्ण, आणि त्यात पाच ते दहा गाठींचे रुग्ण दोन ते चार गाठींच्या रुग्णांइतकेच, म्हणजे सरासरी १०.८ महिने जगले. मात्र तिथे चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, आणि सगळ्या गाठी मिळून आकारमान १५ मिलिलिटरच्या आत होतं. नुसती संख्या मोजून चालत नाही ते याचसाठी.

नुसती रेडिओसर्जरी निवडली तर एक जबाबदारी आपल्यावर येते, ती तपासण्यांची. पूर्ण डोक्याला शेक न दिल्याने नव्या गाठी उठण्याची शक्यता जास्त असते, त्यामुळे पहिल्या वर्षात दर दोन-तीन महिन्यांनी एमआरआय करावाच लागतो. कातळावरून उतरून तेवढ्यासाठी प्रवास करणं जड जातं, पण या मार्गाचे सगळे आकडे तपासण्या झाल्या असं धरूनच आलेले आहेत. ते शक्य होणार नसेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. त्यावरून निर्णय बदलू शकतो.

गाठ शस्त्रक्रियेने काढली असेल तर त्या खड्ड्याला रेडिओसर्जरी द्यायची का? २०१७ च्या १३२ रुग्णांच्या अभ्यासात वर्षभरात त्याच जागी गाठ परत न आलेले ७२ टक्के होते, काहीच न दिलेल्यांत ४३ टक्के. म्हणजे शंभरातल्या आणखी २९ जणांची त्या वर्षातली अडचण टळली. आयुष्य मात्र त्याने लांबलं नाही. त्याच वर्षी दुसऱ्या अभ्यासात खड्ड्याला रेडिओसर्जरी आणि पूर्ण डोक्याला शेक यांची तुलना झाली. सहा महिन्यांनी आकलन घसरलेले अनुक्रमे ५२ आणि ८५ टक्के होते.

गाठी खूप असतील, विखुरलेल्या असतील तर पूर्ण डोक्याचा शेक अजूनही लागतो. तेव्हा स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पस वाचवून शेक देता येईल का आणि मेमँटिन ही गोळी द्यायची का, हे विचारा. या दोन्हींमागे चिठ्ठ्या टाकून केलेल्या अभ्यासांचा आधार आहे.

आणि रुग्ण फार खंगलेला असेल तर? ब्रिटनमधल्या ‘क्वार्ट्झ’ अभ्यासात फुप्फुसाच्या कर्करोगाचे, शस्त्रक्रिया किंवा रेडिओसर्जरीजोगे नसलेले ५३८ रुग्ण होते. शेक घेतलेले साधारण ९.२ आठवडे जगले, नुसती स्टेरॉइड आणि आधाराची काळजी घेतलेले ८.५ आठवडे. जगण्याच्या प्रतीतही मोठा फरक नव्हता. अशा वेळी आजीला कशेडीपार मुंबईला न नेता घरी, आपल्या माणसांत, त्रास कमी करणारी औषधं देत ठेवणं हाही पुराव्यावर उभा असलेला उपचार आहे. त्यात कुणी ‘हात वर केले’ असं वाटून घेऊ नये.

परळने दाखवलेला नेम

नेमका मारा मेंदूला वाचवतो का, हा प्रश्न लहान मुलांत सर्वांत जिव्हाळ्याचा, कारण त्यांना पुढे शाळा असते. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. राकेश जलाली आणि सहकाऱ्यांनी २००१ ते २०१२ या काळात ३ ते २५ वर्षं वयाचे, संथ गाठींचे २०० रुग्ण घेतले. निम्म्यांना नेहमीच्या पद्धतीने किरण दिले, निम्म्यांना स्टीरिओटॅक्टिक, म्हणजे गाठीच्या आकाराला चिकटून नेम धरून. मात्रा दोन्हींना तीच, तीस बैठकांत ५४ ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक). २०१७ मध्ये ‘जामा ऑन्कोलॉजी’त निकाल छापून आला. जगण्यात फरक नव्हता, पण पाच वर्षांत बुद्ध्यंक नेम धरलेल्या गटात जास्त टिकला. संप्रेरकांचा नवा बिघाड तिथे ३१ टक्के, तर दुसरीकडे ५१ टक्के.

ही एका बैठकीतली रेडिओसर्जरी नव्हे, तिची तीस बैठकांची बहीण आहे. तरी दोन कारणांनी हा अभ्यास लक्षात ठेवा. आपल्याच रुग्णालयात, आपल्याच राज्यातल्या आणि देशातल्या मुलांवर चिठ्ठ्या टाकून केलेलं असं काम जगात विरळ आहे. आणि मुलाच्या गाठीला किरण द्यायचे ठरले, तर ‘आधुनिक मशीन’ एवढ्यावर न थांबता बुद्धीची आणि संप्रेरकांची तपासणी उपचाराआधी आणि नंतर दरवर्षी होणार का, हे विचारायला तो आपल्याला शिकवतो.

संथ गाठी: थांबण्यालाही आधार असतो

कानाच्या नसेवरचा लहान श्वानोमा सापडला की घरचे घायकुतीला येतात. नॉर्वेमध्ये दोन सेंटिमीटरहून लहान श्वानोमाच्या १०० रुग्णांवर अभ्यास झाला, २०२३ मध्ये तो ‘जामा’त आला. निम्म्यांना लगेच रेडिओसर्जरी दिली, निम्म्यांना नुसतं एमआरआयवर नजरेखाली ठेवलं. चार वर्षांनी उपचार केलेल्या गाठी सरासरी थोड्या आक्रसल्या होत्या, थांबलेल्यांच्या सरासरी दीडपट झाल्या होत्या. म्हणजे रेडिओसर्जरी काम करते. पण ऐकू येणं, तोल आणि जीवनमान यांत दोन्ही गटांत ठळक फरक नव्हता, आणि थांबलेल्यांपैकी निम्म्यांच्या आसपास लोकांना त्या काळात उपचार लागलाच नाही. त्यामुळे लहान गाठ असेल तर दोन्ही मार्ग रास्त आहेत. सहा महिन्यांनी नियमाने एमआरआयला जाणं तुम्हाला जमेल का, मनात टांगती तलवार सहन होईल का, यावर तो निर्णय ठरतो.

अपघाताने सापडलेला, काही त्रास न देणारा छोटा मेनिंजिओमाही अनेकदा नुसता पाहत राहतात. पिट्युटरीच्या गाठींत प्रोलॅक्टिन बनवणारी गाठ असेल तर पहिला उपचार बहुधा कॅबरगोलिनची गोळी. म्हणून पिट्युटरीच्या गाठीसाठी कुणी थेट मशीनकडे धाडत असेल तर आधी रक्तातल्या संप्रेरकांचे रिपोर्ट झालेत का ते पाहा.

जिथे हा उपचार मागे पडतो

ग्लिओब्लास्टोमात, म्हणजे सर्वांत आक्रमक ग्लायोमात, नेहमीच्या किरणोपचाराला सुरुवातीलाच रेडिओसर्जरीची जोड देऊन पाहिली गेली. २००४ मध्ये छापलेल्या २०३ रुग्णांच्या अभ्यासात आयुष्य लांबलं नाही. या गाठीची मुळं एमआरआयवर दिसणाऱ्या कडेच्या पलीकडे पसरलेली असतात, नेमका मारा तिथवर पोहोचत नाही. नव्या ग्लिओब्लास्टोमाला कुणी पहिला उपचार म्हणून रेडिओसर्जरी सुचवली तर दुसऱ्या ठिकाणी मत घ्याच.

आकार हीसुद्धा अडचण आहे. २००० मध्ये छापलेल्या अमेरिकन अभ्यासाने सुरक्षित मात्रा ठरवून दिल्या: दोन सेंटिमीटरपर्यंत २४ ग्रे, दोन ते तीनमध्ये १८, तीन ते चारमध्ये १५. गाठ जितकी मोठी तितका मारा कमी करावा लागतो, आणि कमी माऱ्याने ती तितकी दबत नाही. त्यामुळे मोठी, मेंदूला दाबणारी, मेंदूतल्या पाण्याचा मार्ग अडवणारी गाठ सहसा आधी शस्त्रक्रियेने काढतात, किंवा मारा काही बैठकांत वाटतात. डोळ्याच्या नसेला आणि मेंदूच्या देठाला लागून असलेल्या गाठीतही हेच पथ्य.

लोट्याहून निघताना

मुंबईला जाण्याआधी फाइल नीट लावा. एमआरआयच्या फिल्मपेक्षा सीडी महत्त्वाची, कारण आखणी मूळ प्रतिमांवर होते. मूळ कर्करोगाचा तुकडा पूर्वी तपासला असेल तर त्या लॅबमधून स्लाइड आणि मेणातला ब्लॉक मागून घ्या. ईजीएफआर, एएलके, हर-२ यांच्या तपासण्या त्यावरूनच होतात. क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट ठेवा. पेसमेकर किंवा जुनी क्लिप असेल तर लिहून ठेवा. फॅब्रिकेशन, ग्राइंडिंगचं काम केलेल्या माणसाच्या डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल, तर एमआरआयच्या आधी ते सांगितलंच पाहिजे. चुंबकाने तो कण हलू शकतो.

डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड चालू असेल तर ते मनाने बंद करू नका आणि प्रवासात गोळी चुकवू नका. साखर वाढते, ती तपासत राहा. एकदा जरी फीट आली असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत गाडी चालवणं, उंचावर चढणं, रिअॅक्टरजवळ वा फिरत्या यंत्रावर काम करणं बंद. शिफ्ट सुपरवायझरला हे लेखी कळवा. डोकेदुखीसोबत वारंवार उलट्या, वाढती गुंगी किंवा न थांबणारी फीट असेल तर मुंबईची तारीख बघत बसू नका. आधी जवळचं मोठं रुग्णालय गाठा. आपल्या भागात डेरवणचं वालावलकर रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं आहे.

पैशांचं आधी बोला. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराला, कंपनी ईएसआयसीत असेल तर, तिथून मोठ्या उपचाराचा संदर्भ मिळू शकतो. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचा क्रमांक १५५३८८ आहे. संलग्न रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला ‘रेडिओसर्जरीचं पॅकेज या रुग्णालयात, या निदानासाठी मंजूर होतं का?’ असा नेमका प्रश्न विचारा. ‘योजना चालते’ एवढ्या उत्तरावर निघू नका.

दुसरं मत घेण्यात संकोच नको. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१२ मध्ये उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडशी देशभरातली रुग्णालयं जोडलेली आहेत. ‘नव्या’ या सेवेमार्फत कागदपत्रं ऑनलाइन पाठवून तिथल्या तज्ज्ञांचं मत मागता येतं. कोकणातल्या घराला एक प्रवास वाचला तरी ते खूप.

डॉक्टरांसमोर विचारायचे प्रश्न

वहीत लिहून न्या आणि उत्तरंही तिथेच उतरवा.

१. निदान तुकड्यावर पक्कं झालंय की एमआरआयवर? टीबी वगैरे शक्यता तपासल्या का?
२. गाठी किती, सर्वांत मोठी किती सेंटिमीटर, एकूण आकारमान किती?
३. शस्त्रक्रिया, शेक, गोळी, नुसतं पाहत राहणं, यांतले कोणते पर्याय आमच्यासाठी खुले आहेत, आणि रेडिओसर्जरी त्यांच्यापेक्षा कशात सरस?
४. हे कोणत्या अभ्यासावरून म्हणता? त्यातले रुग्ण आमच्या माणसासारखे होते का?
५. फायदा कोणता: गाठ दबणं, जास्त जगणं की स्मृती टिकणं?
६. शंभरातल्या किती जणांना किरणांमुळे मेंदूची इजा होते, आणि या जागी काय बिघडू शकतं?
७. एक बैठक की अनेक, मात्रा किती, आणि का?
८. न्यूरोसर्जन, रेडिएशन ऑन्कोलॉजिस्ट आणि मेडिकल ऑन्कोलॉजिस्ट यांनी एकत्र बसून हा निर्णय घेतलाय का?
९. पुढचे एमआरआय केव्हा, आणि ते चिपळुणात केले तर चालतील का?

आठवा प्रश्न विसरू नका. ज्याच्या हाती जे साधन, त्याला तोच उपाय आधी सुचतो. तिन्ही तज्ज्ञ एका टेबलाशी बसले की पुरावा तोलला जातो.

उपचारानंतर

घरी आल्यावर काही दिवस थकवा, डोकेदुखी असते, पिनांच्या जागा दुखतात. गाठ रातोरात नाहीशी होत नाही. संथ गाठींत ती वाढायची थांबणं हेच यश. श्वानोमा तर पहिल्या वर्षात आधी सुजून मोठा दिसू शकतो, आणि एवढ्यावरून उपचार फसला असं ठरत नाही.

काही महिन्यांनी उपचार केलेल्या जागी सूज किंवा किरणांनी मेलेला भाग, म्हणजे रेडिओनेक्रोसिस, होऊ शकतो. एमआरआयवर तो परत आलेल्या गाठीसारखाच दिसतो, म्हणून एका फोटोवरून घाईने दुसरी रेडिओसर्जरी किंवा शस्त्रक्रिया ठरवू नये. परफ्यूजन एमआरआय, पेट स्कॅन किंवा काही आठवड्यांनी पुन्हा एमआरआय यांनी उलगडा होतो. स्टेरॉइडने आणि गरज पडली तर बेव्हासिझुमॅबने तो आटोक्यात आणता येतो. पिट्युटरीला मारा बसला असेल तर संप्रेरकं पुढे वर्षानुवर्षं तपासावी लागतात, बरं वाटत असलं तरी.

एक चाचणी यंत्राविना होते. उपचाराआधी रुग्ण दुकानाचा हिशेब करत होता का, रस्ता आठवत होता का, नातवंडांची नावं चुकत होती का, हे लिहून ठेवा आणि दर भेटीला त्याची तुलना डॉक्टरांना सांगा. पूर्ण डोक्याच्या शेकाबद्दल जगाचं मत बदललं ते रुग्णांच्या स्मृतीची अशीच काटेकोर नोंद ठेवली म्हणून. गाठ किती लहान झाली एवढंच मोजलं असतं तर तो बदल झालाच नसता. तुमच्या माणसाबाबत काय मोजायचं, हे ठरवताना घरच्यांचा शब्दही तज्ज्ञांइतकाच धरला पाहिजे, आणि वहीतल्या नोंदी हाताशी असल्या की तो धरायला लावता येतो.